पोपटी पट्टी

खंडेनवमीला अड्ड्यावर रांगेत उभ्या आपल्या ट्रकची पूजा करायला ज्योती केबिनमध्ये चढली. स्टेअरिंगला कुंकू लावता लावता तिचं लक्ष सीटबेल्टकडं गेलं. मानेपाशी येतो तेवढ्या भागावर मऊ पोपटी साडीची पट्टी शिवली होती, टाके अगदी बारीक. असली साडी ज्योतीकडं नव्हती.

"कुनाची ही?" तिनं खाली टायर धूत बसलेल्या नवऱ्याला विचारलं.

"रेश्मावहिनींची," वैजनाथ मान वर न करता म्हणाला. "आता बेल्ट काचत न्हाई."

ज्योतीच्या अंगाची लाही लाही झाली. नवरा जाऊन वर्ष झालं नाही, आणि ही बाई दुसरीच्या नवऱ्याची मान जपायला निघाली. आणि हा रोज नेवाशापर्यंत तिचा पदर गळ्यात घालून जातो, वर घरी येऊन माझ्या हातची भाकरी खातो.

पूजेचं ताट सीटवरच ठेवून ती तरातरा निघाली. पुढच्या ट्रकच्या उघड्या दारातून तीच पोपटी पट्टी दिसली. त्याच्या पुढच्याही ट्रकमध्ये तीच. चौथ्या ट्रकच्या केबिनमध्ये रेश्मा सुई घेऊन बसली होती. मांडीवरची साडी निम्मीच उरली होती.

"आमच्या ह्यांच्या गाडीत तुमच्या साडीचं काय काम?"

रेश्मानं दातानं दोरा तोडला.

"आमचे हे बेल्ट लावत न्हवते, मानेला काचतो म्हनून," ती म्हणाली. "गाडी धडकली तवा केबिन हाय तशी ऱ्हायली. हेच तेवढे काच फोडून भाईर पडले."