साखरेचा नैवेद्य

केतकीच्या हातातली घागर थरथरू लागली, तसा बायकांनी एकच गलका केला. "आली! अंगात आली!"

महालक्ष्मीपुढे घागर फुंकता फुंकता नव्या सुनेच्या अंगात देवी आली, म्हणून सासर धन्य झालं. भिंतीशी बसलेली तिची आई मात्र लेकीला निरखून पाहू लागली. घामानं चिंब कपाळ, तारवटलेले डोळे, अडखळणारी जीभ... लेक शाळेत असल्यापासून ती हे पाहत आली होती. कसली देवी! पोरीच्या रक्तातली साखर उतरली होती. सकाळी न्हाणीघरात चोरून इन्सुलिन टोचायचं आणि वर दिवसभर कडक उपास करायचा, मग दुसरं काय होणार?

चोरून टोचायला आईनंच शिकवलं होतं. लग्न जमवताना तिनं मधुमेहाबद्दल ब्र काढला नव्हता.

"साखर..." केतकी पुटपुटली. "साखर द्या गं कुणीतरी."

"देवी साखर मागतेय!" विहीणबाई धावत डबा घेऊन आल्या आणि त्यांनी तो देवीच्या मुखवट्यापुढे रिता केला.

केतकी खाली बसली, मग कलंडली. आई मूठभर साखर उचलून तिच्या तोंडाशी नेणार, तोच विहीणबाईंनी मनगट धरलं. "अहो, उपास मोडेल तिचा! आधी आरती होऊ दे. एवढी घाई कसली?"

आईनं तोंड उघडलं. लेकीचे डोळे तिच्यावरच खिळले होते.

"काही नाही," ती म्हणाली. मुठीतली साखर तिनं देवीपुढच्या ढिगावर सोडली आणि वाकून लेकीच्या गार पडलेल्या पायांवर डोकं ठेवलं.