नवं कार्ड

आखाडा बाळापुरात धम्मानंदचं लग्नाच्या सीड्या बनवायचं दुकान होतं. दर बाजाराच्या दिवशी चतुराबाई यायची आणि लेकीच्या लग्नाची सीडी कॉम्प्युटरवर बघून जायची. लेक, करुणा, लग्नानंतर वर्षातच वारली होती. दुकानातल्या कॉम्प्युटरचं, पडद्यावर चित्र हलवणारं ग्राफिक कार्ड जुनाट. सीडी लंगडत चालायची आणि पाठवणीपाशी हटकून अटकायची. म्हातारीसमोर धम्मानंद लाजेनं अर्धमेला व्हायचा. अखेर नांदेडला जाऊन त्यानं ते कार्ड बदल्यात दिलं आणि नवंकोरं आणलं.

पुढच्या बाजाराला त्यानं मोठ्या हौसेनं सीडी लावली. "बघा मावशी, जुन्याच्या चौपट पळून राहिलं! आता कुठंच अटकत न्हाई."

मांडवाच्या दाराशी करुणानं मागं वळून पाहिलं, आणि पापणी लवते न लवते तोच ती जीपमध्ये बसून निघून गेली.

चतुराबाईनं पदर तोंडाला लावला. "जुनंच लाव, बाबा."

"ते तर देऊन टाकलं, मावशी. आता मिळायचं न्हाई. काहून? ह्याच्यात काय तकलीफ हाय?"

"तकलीफ न्हाई रे. त्याच्यात माझी लेक दारात जराशी थांबत होती."