चौथा डबा, दुसरा दरवाजा

सोलच्या भुयारी मेट्रोत, पुढे गाडी बदलायला सोपं जावं म्हणून, आम्ही नेहमी चौथ्या डब्याच्या दुसऱ्या दरवाजाशी उभे राहतो. तिथून चढलं की पुढच्या स्टेशनात जिना अगदी समोर येतो.

सोमवारी फलाटाच्या कडेच्या काचेच्या दारात माझा नवरा दोह्युन दिसत होता, आमची चार वर्षांची नारेही दिसत होती. मी नव्हते.

“काच मळलीय, नारेची आई,” दोह्युन म्हणाला. “तुला ना, काळजीला काहीतरी लागतंच.”

नारे खुदकन हसली. “बाबा, आईला अजून सांगायचं नाही ना?”

“गप गं, चोंबडे!” त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

शुक्रवारी सासूबाईंकडे जेवण होतं. कामावर उशीर होईल असं मी खोटंच सांगितलं आणि आधीच त्याच फलाटावर येऊन खांबाआड उभी राहिले.

दोघं आले. नारेने एक हात वर धरला होता, कुणाचं बोट धरावं तसा. शेजारी कोणीच नव्हतं. काचेत मात्र माझा राखाडी कोट घातलेली बाई होती. दोह्युनने हवेतच तिची कॉलर नीट केली. माझी त्याने कधी केली नव्हती.

“नारे!” मी ओरडले.

तिने वळून माझ्याकडे नीट पाहिलं, आणि त्या बाईच्या बाजूला सरकली. गाडी आली, ते चढले, दरवाजे मिटले.

थोड्या वेळाने फोन थरथरला. घरच्या ग्रुपवर सासूबाईंनी विचारलं होतं, “सूनबाई येतेय ना?”

खाली माझ्याच नावाने उत्तर उमटलं. “येतेय, आई. नारे माझ्या मांडीवर झोपलीय.”