सफरचंदाची आढी

"आंबटढाण फळ! कोणी फुकट घेत नाही. थंडी सरली की तोडून टाकू," असं म्हणत व्याह्यांनी आपल्या आजोबांनी लावलेल्या सफरचंदाच्या बुंध्यावर चुन्याची फुली मारली.

सुनेला आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला द्वारकाबाईच रत्नागिरीहून हिमाचलात तिच्या माहेरी आल्या होत्या. त्यांनी एक फळ चावलं. दात आंबले. पण साल काय चिवट, गर काय टणक! आंब्यांत जन्म गेलेल्या बाईला तेवढं पुरे होतं. "अहो, ही तर कैरी! कैरी आंबट लागली म्हणून कोणी झाड तोडतं का? आढी लावा."

"सफरचंदाची आढी?" सून पोट धरून हसली.

द्वारकाबाईंनी ऐकलं नाही. माळ्यावर सुकं गवत पसरून फळं मांडली, वर पुन्हा गवत घातलं. दर चार दिवसांनी वर चढून त्या फळं उलटायच्या, डागाळलेलं बाजूला काढायच्या.

संक्रांतीला माळ्यावरून असा घमघमाट उतरला की बाळंतिणीच्या खोलीतली धुरी मागे पडली. व्याह्यांनी एक फोड तोंडात घातली आणि चावायचंच विसरले. मध होता नुसता!

"आजोबा ही गवतात लपवायचे," ते हळूच म्हणाले. "आम्ही पोरं चार दिवसांत चोरून खायचो, थुंकायचो आणि त्यांनाच कंजूष म्हणायचो."

मग ते तसेच बर्फात बाहेर पडले आणि डोक्यावरची टोपी काढून बुंध्यावरची फुली पुसू लागले.