पुसून आणा

“पुसून आणलाय,” आजोबा म्हणाले आणि त्यांनी पेन ड्राइव्ह काउंटरवर ठेवला.

दुकानदाराने तो उचलून उजेडात धरला. छपाईचं दुकान चालवता चालवता त्याचा या शब्दावरचा विश्वास उडाला होता. परवाच एका बाईने पेन ड्राइव्ह स्पिरिटने पुसून आणला होता.

“कशाने पुसलात आजोबा? फडक्याने?”

“फडक्याने कशाला? जावयांनी पुसला. कॉम्प्युटरमधलेच आहेत ते. काल तुम्ही म्हणालात, यात व्हायरस असणार, पुसून आणा, त्याशिवाय लावणार नाही. लावा आता.”

मागच्या महिन्यात दुकानदाराने असाच एकाचा पेन ड्राइव्ह भिडेखातर लावला होता. छापायचं होतं एक पान. त्या पानापायी शाळेच्या वार्षिक अंकाचं अख्खं काम गेलं. फोल्डरांची नुसती नावं दिसायची, उघडायला गेलं की आत काही नाही. पेन ड्राइव्ह तपासायला ठेवलेला जुना कॉम्प्युटरही त्यातच गेला. अंक त्याने आणि त्याच्या ताईने पुन्हा बसून टाइप केला. आता तो अंक उरलेल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर होता, आणि संध्याकाळी शाळेच्या बाई यायच्या होत्या.

“छापायचं काय आहे?”

“हिचा फोटो. भिंतीवर लावायचाय.”

“कुठे आहे फोटो?”

“त्यातच की.”

“आणि पुसलं काय?”

“सगळं. एकदम स्वच्छ झालाय म्हणाले.”

मागे पानं लावत बसलेल्या ताईचा हात थांबला. दुकानदाराने कपाळ धरलं.

“आजोबा, व्हायरस पुसून आणा म्हणालो होतो मी! फोटो पुसून आणा नव्हतो म्हणालो!”

“तुम्ही म्हणालात, पुसून आणा. मी जावयांना शब्द न् शब्द तोच सांगितला.” आजोबांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “मी विचारलं होतं त्यांना, फोटोंना काही होणार नाही ना? ते फोनवर होते. मान हलवली.”

“कशी हलवली?” ताईने विचारलं.

“तेच आठवतोय आता.”

“दुसरीकडे कुठे असतील की,” दुकानदार म्हणाला. “फोनमध्ये, कॉम्प्युटरमध्ये.”

“कॉम्प्युटर भंगारात दिला. त्याआधी हिनेच सगळे यात भरून ठेवले. म्हणाली, इथे नीट राहतील.”

मग ताई म्हणाली, “पुसलेले परत आणता येतात ना रे?”

“कधी कधी येतात. पण त्यासाठी हा लावावा लागतो. आणि पुसलेलं सगळं वर येतं, व्हायरससकट. मग अंक गेला तर बाईंना तू तोंड दे.”

“देईन.”

“तुला काय जातंय बोलायला!”

“बोटं जातात माझी. अर्धा अंक मी टाइप केलाय.”

दुकानदार पुटपुटत उठला. या गावात दुसरं दुकान नाही का, जावई कॉम्प्युटरमधले आहेत म्हणे, एकदा या दुकानाला कुलूपच घालतो. पुटपुटता पुटपुटता त्याने अंकाची प्रत वेगळ्या डिस्कवर काढली, डिस्क सोडवली आणि ताईच्या हातात दिली. नेटची वायर उपटली. पेन ड्राइव्ह आपोआप उघडणार नाही अशी सोय केली. मग जळत्या निखाऱ्याला हात लावावा तसा तो लावला.

आजोबा काउंटरच्या आत आले. एरवी त्याने कुणालाही येऊ दिलं नसतं.

सगळ्यात आधी व्हायरसच वर आला. पडद्यावर लाल चौकट आली. दुकानदाराने शिवी गिळली आणि तो मारला. दुसरा आला, तोही मारला. त्यानंतर एकेक करून फोटो यायला लागले. नावं गेली होती, नुसते आकडे होते. काहींचा खालचा अर्धा भाग राखाडी झाला होता.

“आली,” आजोबा म्हणाले.

फोटो येतच राहिले. एकात तिचे डोळे मिटलेले, एकात तोंडात घास, एकात नुसती पाठ.

“हे कुठले?” आजोबा पुढे वाकले. “हे नव्हते यात.”

“होते. आधी कधीतरी पुसले असतील. तेही वर आले.”

“मी नाही पुसले. हिनेच. स्वतःचा एक फोटो आवडेल तर शपथ.”

दुकानदाराने घड्याळाकडे पाहिलं. “बरं, कोणता छापू? हा घ्या. स्पष्ट आहे, हसताहेत.”

“तो नको. तो खालचा.”

खालच्या फोटोत ती शेगडीपाशी उभी होती. मागे दूध उतू जात होतं. तोंड अर्धवट उघडं, कपाळाला आठ्या, आणि एक हात थेट कॅमेऱ्यावर आलेला.

“आजोबा, हललाय तो. चिडल्यात त्या त्यात.”

“चिडणारच. मी फोटो काढत उभा. हाच छापा, मोठा.”

दुकानदाराने सुस्कारा सोडला आणि फोटो मोठा केला. पुसट हाताने अर्धा पडदा भरला. “हा हात तरी कापू का? चेहरा नीट येईल.”

“नको,” आजोबा म्हणाले. “हात राहू द्या. ‘थांबा’ म्हणतेय ती.”