फुटाण्याच्या वाट्याच्या गोळ्या

गोळ्यांची शेवटची पट्टी प्रगतीनं तांदळाच्या डब्यात खोल खुपसली, वरचे तांदूळ सारखे केले आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं भाकरी थापायला बसली. पायाशी फुटाण्या लवंडला होता. एवढंसं कुत्रं, पण डोकं मात्र दुसऱ्या कुणाचं उसनं आणल्यासारखं मोठं.

तिची सासू वच्छलाबाई सकाळी शिरूरहून रिकाम्या हातानं आली होती. मेडिकलवाला म्हणाला, गोळ्या संपल्यात, सोमवारी या. सोमवारपर्यंत फुटाण्याचं काय, या विचारानं प्रगतीच्या जिवाला घोर लागला होता.

फुटाण्याला आणलं होतं तिच्या नवऱ्यानं, हनुमंतानं. कारेगावजवळच्या त्याच्या कंपनीच्या गेटबाहेर ते तोंडाला फेस येऊन पाय झाडत होतं. पिसाळलंय म्हणून सिक्युरिटीवाला काठी घेऊन धावला, तसा हनुमंत मध्ये पडला. "पिसाळलेलं न्हाई, फिट आलीय त्याला," म्हणाला. त्यानं कुत्र्याला कुशीवर वळवलं आणि थोड्या वेळानं आपल्या शर्टात गुंडाळून, स्वतः नुसत्या बनियनवर घरी आला. एरवी शेळी पायात आली तरी शिव्या घालणारा माणूस. प्रगतीला त्या दिवशी नवरा नव्यानं आवडला.

"लोक भवती हुभं राहून बघत्यात ना, ते लई वंगाळ," तो रात्री म्हणाला होता. "शुद्धीवर आल्यावर त्यालाबी कळत असंल."

जनावरांच्या डॉक्टरांनी फुटाण्याची टाळू चाचपली. "मेंदूत पाणी झालंय. बरं होणार नाही, पण गोळ्यांवर राहील. माणसांच्या मेडिकलमध्येच मिळतील. जरा गुंगी येईल. मात्र अचानक बंद करायच्या नाहीत. बंद केल्या की उलटतं."

आता आत्या, म्हणजे सासूबाई, घर डोक्यावर घेणार, असं प्रगतीला वाटलं होतं. झालं भलतंच. म्हातारीनं सगळं काम अंगावर घेतलं. गोळ्या तीच आणणार, फळीवरच्या डब्यात तीच ठेवणार. आधी गुडघ्याच्या औषधासाठी दर महिन्याला दौंडला खेटे घालायची, तेही बंद झाले. कुत्र्यामागं पळून आत्यांचे गुडघे सुधारले, असं प्रगती शेजारच्या रंगुबाईला हसत सांगायची.

लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. या परक्या घरात तिच्या मागं मागं फिरणारा, तिच्याशिवाय घास न खाणारा जीव हाच. फिट यायची तेव्हा आधी त्याची मान डावीकडं वळायची, नजर भिंतीत कुठंतरी अडकायची, मग पाय ताठ व्हायचे. त्याचं डोकं मांडीवर धरून प्रगती रडायची.

आणि अशा जिवाच्या गोळ्या घरातलंच कुणीतरी पळवत होतं.

फुटाण्याला गुळात अर्धी गोळी सकाळी, अर्धी संध्याकाळी. पण पट्ट्या भराभर रिकाम्या होत होत्या. एकदा पहाटे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आत्यांनी गोळी काढली, पदराआड धरली आणि ओसरीवर गेल्या. फुटाण्या तर चुलीपाशी घोरत होता. आत्यांना झोप लागत नाही, हे साऱ्या आळीला माहीत होतं. प्रगतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुक्या जिवाच्या तोंडची गोळी काढून म्हातारी खुशाल झोपा काढते!

तोंडावर बोलायची सोय नव्हती. म्हणून तांदळाचा डबा.

संध्याकाळी वच्छलाबाईनं फळी चाचपली. "हितं येक पट्टी व्हती की गं."

"संपली, आत्या."

म्हातारीचा चेहरा उतरला. ती हनुमंताकडं बघत राहिली.

"येतील की सोमवारी," तो म्हणाला. "येवढं काय त्यात?"

"तू उद्या कामाला जाऊ नगंस."

"कुत्र्यापायी कोन सुट्टी देतंय, आये?" तो हसला, पण प्रगतीकडं न बघता.

दुसऱ्या दिवशी हनुमंत कामावर गेला आणि म्हातारी पहिल्या एसटीनं दौंडला. कुत्र्याच्या गोळ्यांसाठी! प्रगतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फुटाण्याला तिनं चोरून गुळातली गोळी चारली. फुटाण्या मात्र खडखडीत. अंगणभर कोंबड्यांच्या मागं पळत होता. तिला त्याचा आनंद होईना. गुडघे धरून एसटीच्या पायऱ्या चढणारी म्हातारी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

दिवस कलताना वच्छलाबाई परतली ती ओसरीवर मटकन बसलीच. "डाक्टर गावाला गेलाय. चिठ्ठीबिगर दुसरं कुनी देईना."

हनुमंत नुकताच कामावरून येऊन चहाचा कप घेऊन उंबऱ्यात टेकला होता.

प्रगतीला राहवेना. आत जाऊन तिनं तांदळात हात घातला आणि पट्टी आणून सासूपुढं धरली.

"आत्या, माझं चुकलं. म्या लपवली व्हती, फुटाण्यासाठी. मला वाटलं, झोपंसाठी तुमीच घेताय. पर बघा, त्याला येकबी फिट आली न्हाई."

म्हातारी पट्टीकडं बघतच राहिली. "कवापासनं हाय ही तुझ्यापाशी?"

कप फुटल्याचा आवाज आला.

प्रगती दचकून आधी फुटाण्याकडं वळली. तो चारी पायांवर धड उभा होता, शेपटी हलवत, उंबऱ्याकडं बघत.

हनुमंताची मान डावीकडं वळली होती. नजर भिंतीत कुठंतरी अडकली होती.

वच्छलाबाई फुटाण्याला ओलांडून धावली. तिनं सवयीच्या हातानं पोराला कुशीवर वळवलं, तिथलीच चप्पल उचलून त्याच्या नाकाशी धरली आणि मागं न बघता म्हणाली, "दार लाव गं आधी. लोक बघतील."