'जाते' म्हणायचा सराव

"जाते," दारात चपला सरकवत आई म्हणाली. शेजारी मुलगी पाठीवर बॅग घेऊन उभी होती.

सोफ्यावरच्या बापाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "येते म्हण की! घरातून निघताना जाते म्हणतं का कोणी शहाणं माणूस?"

"तेच तर म्हणायचं नाहीये. मॅडमनी सांगितलंय."

मॅडम म्हणजे लहान मुलांवर मानसोपचार करणाऱ्या बाई. पोरीच्या डोक्यात एकच खूळ शिरलं होतं: आई 'येते' म्हणाली नाही तर ती परत येणारच नाही. बरं, एकदा म्हणून भागायचं नाही. परत म्हण, नीट म्हण, माझ्याकडे बघून म्हण. आई रडकुंडीला यायची. एकदा पोरीने जिन्यात असा टाहो फोडला की सगळे शेजारी दारात आले. चारचौघांत शोभा झाली, म्हणून तो उपचारांना तयार झाला. नाहीतर बायकोने एकटीने बाहेर पडावं, हेच त्याला मुळात खपत नसे.

आणि उपचार तरी कसले? ज्याची भीती वाटते तेच पायरीपायरीने करायचं आणि भीती आपोआप ओसरेपर्यंत कळ काढायची. कोणी धीर द्यायचा नाही. फोन करून खात्री करायची नाही. मुलीने नाही आणि त्यानेही नाही.

"माझी बायको कुठे आहे, हे मीच विचारायचं नाही?" पहिल्याच भेटीत त्याने मॅडमच्या टेबलावर मूठ आपटली होती. त्यानंतर तो तिकडे फिरकला नाही.

पण पोरगी सुधारत गेली. आई आधी जिन्यापर्यंत गेली, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग अख्खी दुपार. पोरगी घामाघूम व्हायची, नखं खायची, पण विचारायची नाही. पुढे पुढे तर खुशाल चित्रं काढत बसायची. तो मात्र फोन हातात धरून खिडकीशी धुमसत राहायचा.

आजची पायरी म्हणे सगळ्यात अवघड. मुलीनेही 'जाते' म्हणायचं, तेही बॅगा घेऊन.

त्याने उठून आईच्या बॅगेची चेन खसकन उघडली. "स्वेटर? या उकाड्यात?"

"खरं वाटायला हवं ना," आई म्हणाली. तिने घाईघाईने चेन पुन्हा लावली.

"नुसती नाटकं! घराची सर्कस करून ठेवलीय दोघींनी. अंधार पडायच्या आत घरात पाहिजेत. नाहीतर मी काय करतो, ते तुला माहितीये."

मुलगी पुढे झाली आणि त्याच्याकडे सरळ बघत म्हणाली, "जाते, बाबा."

चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. त्याला त्याचाही राग आला.

दुपार सरली. चहा स्वतःच करावा लागला, तोही उतू गेला. शेवटी नियम गेला खड्ड्यात म्हणत त्याने बायकोला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. रस्त्यावरचे दिवे लागले तसा त्याचा उरलासुरला संयम सुटला आणि त्याने मॅडमचा नंबर फिरवला.

"बस झाले तुमचे सराव! कधीच्या गेल्यात दोघी, अजून पत्ता नाही. ही कसली पायरी काढलीत तुम्ही?"

"सराव?" मॅडम म्हणाल्या. "अहो, तुमची मुलगी बरी होऊन तीन महिने झाले."